कळ आली की धावू नका

नाटकाची तिकिटं काढताना तुम्ही कडेचीच खुर्ची मागता का? लग्नाच्या कार्यालयात शिरल्यावर नवरा-नवरीच्या आधी 'स्त्रिया' लिहिलेली पाटी शोधता का? एसटीने लांब जायचं म्हणून सकाळपासून पाण्याला शिवत नाही, असं होतं का? मग आपण एकाच पंथातले. मी या पंथात दहा-बारा वर्षं काढली.

दीक्षा कशी मिळाली तेही सांगते. डोंबिवलीहून मुंबईला नोकरी. लोकलमध्ये शौचालय नसतं, आणि फलाटावरच्या स्वच्छतागृहाबद्दल न बोललेलं बरं. म्हणून घरातून निघताना जायचं, लागलेलं नसलं तरी. ऑफिसात पोचल्यावर आधी तिकडेच. परतीच्या गाडीआधी पुन्हा एकदा. लहानपणी प्रत्येक प्रवासाआधी आई म्हणायची, "जाऊन ये गं एकदा, मग वाटेत म्हणशील." तेच मी पुढे माझ्या मुलांना सांगितलं. आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाईमाणसाला बाहेर जायला जागाच नव्हती. २०११ साली मुंबईत बायकांच्या संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली ती याच अडचणीपायी. पण रोज अर्धी भरायच्या आत रिकामी केलेली लघवीची पिशवी हळूहळू तेवढ्यातच कुरकुरायला शिकते. पन्नाशीला माझी गत अशी झाली की चहा घेतला की अर्ध्या तासात कळ, आणि कळ आली की दाराचं कुलूप उघडेपर्यंत धीर नाही. एकदा जिन्यातच फजिती झाली. त्या संध्याकाळी साडी पिळता पिळता ठरवलं, आता कुणाशी तरी बोलायचं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं: अतिक्रियाशील मूत्राशय. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी आहे. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. मूत्रपिंडांकडून लघवी थेंबाथेंबाने येत राहते, पिशवी सैलावत जाते, आणि तोवर तिच्या भिंतीचा स्नायू गप्प असतो. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलीलिटर मावतं. दीडदोनशेला 'भरतंय बरं का' अशी पहिली जाणीव होते; मेंदू तिला 'थांब जरा' म्हणतो आणि आपण भाजी निवडत राहतो. या आजारात भिंतीचा स्नायू मध्येच, नको तेव्हा आवळतो, किंवा मेंदूकडे जाणारा निरोप उगाच मोठ्या आवाजात जातो. म्हणून एकाएकी घाई, थोपवता न येणारी. घाई ही मुख्य खूण. दिवसातून आठाहून जास्त वेळा जावं लागणं, रात्री उठावं लागणं, वाटेत सुटणं हे तिच्यासोबत असेल किंवा नसेल. खोकताना, शिंकताना, बादली उचलताना थेंब गळणं हा वेगळा प्रकार. पण कित्येकींना दोन्ही एकदमच असतं.

सगळं सवयीनेच होतं असं मात्र नाही. बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, मधुमेह, पक्षाघात, कंपवात, पुरुषांमध्ये प्रोस्टेट, अशी अनेक कारणं यामागे असू शकतात. म्हणून पुढचं काहीही सुरू करण्याआधी लघवीची साधी तपासणी आणि रक्तातली साखर पाहून घ्या. जंतुसंसर्ग असेल तर कळ दाबत बसण्यात अर्थ नाही, औषध घ्यायला हवं. साखर १८० च्या वर राहिली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. मग दोष पिशवीचा नसतोच. लघवीत रक्त, जळजळ, ताप, धार अडणं, झाल्यावरही पिशवी भरलेलीच वाटणं, यातलं काही असेल तर लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मांड्यांमध्ये अचानक बधिरपणा आला, पायातला जोर गेला किंवा लघवी अजिबात होईना, तर त्याच दिवशी जा. आणि घाई असल्याचं स्वतःहून सांगा. आपल्याकडे बायका गुडघ्याबद्दल तासभर बोलतात, या विषयावर 'बाकी ठीक' म्हणून उठतात. पुरुष त्याहून वाईट. ते बायकोलाही सांगत नाहीत.

तपासण्या ठीक निघाल्या की पहिलं काम: वही. तीन दिवस. उठल्यापासून झोपेपर्यंत काय प्यायलात, किती वाजता, कधी गेलात, घाई किती होती, सुटली का. आणि किती झाली तेही. त्यासाठी स्वयंपाकघरातून बाद केलेला मापाचा पेला बाथरूममध्ये ठेवा. मला याची किळस आली होती. पण त्या पेल्याने जे दाखवलं ते एरवी माझ्या लक्षात आलं नसतं. दिवसातून चौदा वेळा जात होते, दर वेळी ऐंशी-नव्वद मिलीलिटर. आणि सकाळी उठल्याबरोबर? साडेतीनशे. म्हणजे झोपेत जी पिशवी निवांत साडेतीनशे धरत होती, तीच दिवसा नव्वदला आकांत करत होती. पिशवी लहान झाली नव्हती, तिचा धीर सुटला होता. हे आकडे पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की यातून सुटका आहे.

तुमची वही वेगळं बोलेल. दर वेळी तीनशे-चारशे होत असेल आणि दिवसाची बेरीज अडीच-तीन लिटरवर जात असेल, तर एक तर तुम्ही फार पीत आहात किंवा साखर वगैरे पाहायला हवं. दिवसा ठीक आणि रात्रीच भरपूर होत असेल, तर खालचा रात्रीचा भाग आधी वाचा.

आता पाण्याबद्दल. या आजारात माणूस सगळ्यात आधी पाणी तोडतो आणि तिथेच चुकतो. पाणी कमी झालं की लघवी गडद होते, गडद लघवी पिशवीला टोचते, शौचाला खडा होतो, आणि भरलेलं आतडं शेजारच्या पिशवीला दाबतं. वर मूतखडा आणि जंतुसंसर्गाला आमंत्रण. उलट टोकाचेही लोक आहेत: सकाळी उठल्याबरोबर तांब्याच्या भांड्यातलं लिटरभर पाणी गटागटा पिऊन सात बावन्नची गाडी धरणारे. लिटरभर पाणी एकदम आत गेलं तर ते तासा-दीड तासात बाहेर यायची वाट शोधणारच, त्यात पिशवीचा काय अपराध? दिवसाला दीड ते दोन लिटर, फुलपात्राफुलपात्राने, दिवसभर वाटून. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा शेतात राबताना अर्थात जास्त. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर माप डॉक्टर ठरवतील. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की समजा जमतंय. आणि या मोजणीत ताक, आमटी, सार, कलिंगड, उसाचा रस हेही धरा; 'मी पाणी कुठे पिते' म्हणणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या रात्रीच्या जेवणात दोन वाट्या कढी आणि वर ग्लासभर ताक असायचं.

चहा हा आपल्याकडचा नाजूक विषय. त्यातलं कॅफिन लघवीही वाढवतं आणि पिशवीच्या स्नायूलाही डिवचतं. कॉफीत ते आणखी जास्त. 'मी दोनच कप घेते' असं मीही सांगत होते. वहीत मोजले तर ऑफिसातले 'अर्धा-अर्धा' धरून सहा निघाले. एकदम सोडू नका, डोकं दुखेल. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत सकाळचा एक आणि दुपारी चारच्या आतला एक इतपत या. संध्याकाळी गवती चहा-आलं उकळून प्या, चहापत्तीशिवाय. उपासाच्या दिवशी पोटात काही नसताना कडक चहा-कॉफीवर दिवस काढणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्यावं. कोला, सोडा, दारू, कुणाला लिंबू-संत्रं, कुणाला झणझणीत रस्सा यांनीही घाई वाढते, पण सगळ्यांना नाही. म्हणून एकेक पदार्थ आठवडाभर बंद करून वही पाहा. फरक नसेल तर खुशाल खा. मला मिसळीने काही होत नाही.

आता मुख्य गोष्ट. कळ आली की आपण काय करतो? उठतो आणि धावतो. धावताना पोटाचा दाब पिशवीवर, मनात 'पोचते की नाही' ही धास्ती, आणि समोर बाथरूमचं दार दिसलं की पिशवीला वाटतं, आलंच. तिथेच सुटतं. घराच्या कुलपात किल्ली फिरवताना होतं तेच. नळाचा आवाज, भांडी घासताना हातावर पडणारं गार पाणी, लिफ्टमधून आपला मजला, ही सगळी पिशवीला मिळालेली आमंत्रणं असतात. वर्षानुवर्षं एकापाठोपाठ एक घडल्याने जोडली गेलेली.

कळ ही लाटेसारखी असते. चढते, टोकाला जाते आणि, हे मला पन्नाशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, उतरते. आपण नेमके टोकाला असताना धावतो. म्हणून: कळ आली की जागच्या जागी थांबा. शक्य असेल तर बसा. खुर्चीची कड किंवा पायरी चालेल. मग वारा सुटू नये म्हणून गुदद्वार जसं आवळतो तसं पटकन आवळा आणि सोडा, पाच-सहा वेळा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. ओटीपोटाच्या तळाचे हे स्नायू आवळले की पिशवीच्या भिंतीला सैल पडण्याचा निरोप जातो. शरीरातच ही सोय केलेली आहे. सोबत मनाला काम द्या. शंभरातून सात-सात वजा करा, उद्याच्या डब्याची भाजी ठरवा. मी सेंट्रल रेल्वेची स्टेशनं उलटी म्हणते, कल्याणपासून. बहुतेक वेळा मुलुंड येईपर्यंत लाट उतरलेली असते. उतरली की मग उठा आणि सावकाश चालत जा. किंवा, अजून वेळ झालेली नसेल तर, जाऊच नका.

पहिल्या आठवड्यात हे जमत नाही. दोन-तीनदा सुटेल, म्हणून सुरुवात घरी, सुटीच्या दिवशी करा, पॅड लावून करा. कुलपाच्या किल्लीसाठी खास युक्ती: दारापाशी पोचण्याआधी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून पाच वेळा आवळायचं, मग किल्ली काढायची. आणि घरात शिरल्यावर सरळ बाथरूमकडे न जाता आधी पिशवीतली भाजी ओट्यावर ठेवायची. दोन मिनिटंच. पण किल्ली आणि लघवी यांची गाठ याच दोन मिनिटांत सुटते.

याच्या जोडीला वेळापत्रक. वहीत पाहा, कमीत कमी किती वेळ तुम्हाला आरामात काढता येतो. माझा एक तास होता. मग आठवडाभर घड्याळाप्रमाणे दर तासाला जायचं, लागो वा न लागो. मध्ये लागलं तर वरची युक्ती. तास अंगवळणी पडला की सव्वा तास, पुढच्या आठवड्यात दीड. पंधरा-पंधरा मिनिटांनी चढायचं. तासही जड जात असेल तर अर्ध्या तासापासून. मुक्काम अडीच-तीन तासांवर. चार तासांपुढे ताणू नका, तो पराक्रम नव्हे. याला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून वही फेकू नका. लघवी अडून राहण्याचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि संसर्ग असताना हे स्वतःच्या मनाने करू नये.

'निघताना जाऊन ये' ही सवय मोडणं सगळ्यात कठीण. मी नियम केला: गेल्याला तास झाला नसेल तर निघताना जायचं नाही. पहिल्यांदा तसंच घर सोडलं तेव्हा परीक्षेला अभ्यास न करता गेल्यासारखं वाटलं होतं. लांबच्या एसटीची गोष्ट वेगळी, तिथे जरूर जा.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, गोळी आहे ना, मग एवढा खटाटोप कशाला? १९९८ साली अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. ५५ ते ९२ वयाच्या १९७ बायका, सगळ्यांना मुख्यतः घाईने लघवी सुटण्याचा त्रास. काहींना असंच वर्तनाचं शिक्षण दिलं, काहींना ऑक्सिब्युटिनिन हे औषध, काहींना औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी. शिक्षण घेतलेल्यांमध्ये सुटण्याचे प्रसंग सरासरी ८१ टक्क्यांनी कमी झाले, औषधवाल्यांमध्ये ६९ टक्क्यांनी, रिकाम्या गोळीवर ३९ टक्क्यांनी. औषधं वाईट आहेत असं नव्हे. सवयींनी पुरेसं भागलं नाही तर जरूर घ्यावीत, दोन्ही एकत्रही चालतात. फक्त जुन्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणावर परिणाम होऊ शकतो, काचबिंदू असेल तर आधी सांगावं लागतं. मिराबेग्रॉनसारखी नवी औषधं वेगळ्या वाटेने काम करतात, ती घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. त्यापुढे बोटॉक्सचं इंजेक्शन, नसांना विजेचं हलकं उत्तेजन, असेही उपाय आहेत.

आवळण्याचा व्यायाम रोजचाही करायचा. १९४८ साली आर्नल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी तो मांडला म्हणून केगल व्यायाम म्हणतात. हठयोगात मूलबंध शिकलेल्यांना जागा लगेच सापडते. हळूहळू आवळा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा. असं दहादा, दिवसातून तीनदा. पुढे दहा सेकंदांपर्यंत न्या. कुकरच्या शिट्ट्या मोजताना, बस थांब्यावर, कुणाला कळतही नाही. लघवी करता करता धार अडवून सराव करू नका, पिशवी पूर्ण रिकामी न होण्याची सवय लागते. आणि सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं. काहींचे हे स्नायू आधीच ताठ असतात, त्यांना व्यायामाने त्रास वाढतो. तीन महिन्यांत फरक नसेल किंवा दुखत असेल तर या कामातल्या फिजिओथेरपिस्टला गाठा.

रात्रीचं. झोपण्याआधी दोन-तीन तास पेयं बंद, गोळ्यांपुरतं दोन घोट पाणी. कढी-ताक दुपारी. दिवसभर पाय खाली सोडून बसणाऱ्यांच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज येते. आडवं झाल्यावर तेच पाणी रक्तात परततं आणि रात्री लघवी बनून उठवतं. म्हणून दुपारी-संध्याकाळी तासभर पाय उशीवर घेऊन पडा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही सूज येते, आणि लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. स्वतः बदलू नका. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या माणसालाही रात्री वारंवार उठावं लागतं, हे घोरणाऱ्याला पटत नाही, शेजारी झोपणारीला पटतं.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर शिकवण्याआधी वाट मोकळी करा. पलंग ते बाथरूम मंद दिवा, मध्ये पायपुसणं नको, सुटी वायर नको. रात्रीच्या घाईत पडून खुब्याचं हाड मोडतं, ते लघवीपेक्षा महाग जातं. नाडीऐवजी इलॅस्टिक, पलंगाशी भांडं किंवा खुर्चीचा कमोड. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बाबांना 'पुन्हा चाललात?' असं विचारू नका. स्मरण गेलेल्या माणसाला कळ दाबायला सांगून उपयोग नसतो, त्याला दर दोन तासांनी आपणच आठवण करून न्यायचं.

बद्धकोष्ठ हटवा, भाकरी-पालेभाज्या वाढवा, तंबाखू सोडा, वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. वजन उतरवण्याचा फायदा खोकताना गळणाऱ्यांना अधिक दिसतो. आणि बाहेरच्या कमोडवर अधांतरी बसू नका. ताठलेल्या मांड्यांनी तळाचे स्नायू सुटत नाहीत आणि पिशवी अर्धवट राहते. टिश्यू पसरा आणि नीट टेका.

थंडीत हे सगळं थोडं बिघडतं. घाम कमी, त्यामुळे लघवी जास्त, आणि गार फरशीवर पाय पडताच कळ. गेल्या जानेवारीत माझंही तीन तासांवरून दीडवर आलं. दोन दिवस चिडचिड केली, मग वही काढली आणि दीड तासापासून पुन्हा मोजायला लागले. फेब्रुवारीअखेर अडीचवर होते. वही अजून बाथरूमच्या खिडकीत आहे, मापाच्या पेल्याशेजारी.